शेळीच्या पोटीं हरीण?

शेळी आणि हरीण यांचा संकर होऊं शकतो काय, हा प्रश्न शहरांत बसून ऐकला म्हणजे पोरकट वाटतो. परंतु ज्यांचें मूळ गांव वऱ्हाडांत आणि त्यांतहि बुलढाण्याच्या बाजूस आहे, त्यांनीं तो घरच्या ओसरीवर एकदां तरी ऐकलेला असेल. गुराखी सांगतो कीं, अमक्याची शेळी दोन दिवस रानांत हरवली होती, आणि पुढें तिला झालेलें करडूं तोंडावळ्यानें थेट हरणाचें निघालें. वडील मंडळी हंसतात, मुलें डोळे मोठे करून ऐकतात, आणि कॉलेजांत शिकणारा एखादा पुतण्या ‘हें शक्य नाहीं’ असें म्हणून मोकळा होतो. पण शक्य कां नाहीं, हें त्यालाहि धड सांगतां येत नाहीं. तेंच येथें थोडें विस्तारानें पाहावयाचें आहे.

हा प्रश्न त्या भागांतच विशेष कां उठावा, याचें कारण तेथील भूगोलांत सांपडतें. बुलढाणा जिल्ह्याचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग पूर्वींपासून मानतात. खालीं मलकापूर, शेगांव, खामगांव यांची कपाशीची काळी जमीन. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा आणि चिखली. खामगांवाहून बुलढाण्यास चढतांना वाटेंत जें रान लागतें, तें ज्ञानगंगा अभयारण्य. त्याचें क्षेत्र सुमारें २०५ चौरस किलोमीटर असून १९९७ सालीं तें अभयारण्य म्हणून जाहीर झालें. २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराहून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटरांची पायपीट करून याच रानांत येऊन राहिला, तेव्हां वर्तमानपत्रांतून या रानाचें नांव घरोघर पोंचलें. एरव्हीं हें रान आणि भोंवतालचे माळ म्हणजे गवत खाणाऱ्या जनावरांचें घर. रोही, चितळ, भेकर आंत. चिंकारा आणि काळवीट उघड्या माळावर. आणि लाजरा चौशिंगा झाडींत. रानाच्या कडेला लागूनच गांवें आहेत, आणि प्रत्येक गांवाला शेळ्या आहेत. टेकडीच्या एका उतरणीवर शेळी चरत असते, दुसऱ्या उतरणीवर चिंकारा. लोकांच्या मनांत दोहोंची सोयरीक जुळावी, यांत नवल तें काय?

शिवाय वऱ्हाडांतील शेळीचा चेहराच या समजुतीस खतपाणी घालणारा आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या पट्ट्यांत जी शेळी पाळतात, तिची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें ‘बेरारी’ या नांवानें स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. रंगानें ती फिकी किंवा गडद तपकिरी असते. पाठीच्या कण्यावरून काळसर रेघ जाते. आणि शिंगांच्या बुडापासून नाकपुड्यांपर्यंत तोंडाच्या दोहों बाजूंस पट्टे उतरतात. आतां चिंकाऱ्याचें तोंड डोळ्यांपुढें आणा. अंगाचा रंग तोच तपकिरी, आणि डोळ्यापासून नाकाकडे येणारे पट्टेहि तसेच. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत बेरारी शेळीचें कोवळें, लांब पायांचें करडूं उड्या मारतांना पाहिलें, तर त्यास हरणाचें पाडस म्हणण्याचा मोह कोणासहि व्हावा.

परंतु हें साम्य शेळीनें हरणाकडून घेतलेलें नाहीं. तें तिच्या स्वतःच्या पूर्वजांकडून आलेलें आहे. इराण आणि तुर्कस्थान यांच्या डोंगराळ मुलखांत बेझोअर नांवाची रानशेळी आजहि आढळते. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं त्याच डोंगरांत मनुष्यानें तिला माणसाळविलें, आणि जगांतील यच्चयावत् पाळीव शेळ्या मुख्यतः तिच्याच वंशांतल्या आहेत. ती रानशेळीहि अंगानें तपकिरी आणि पाठीवर काळी रेघ असलेली अशीच असते. वाळलेल्या गवतांत आणि खडकांत लपून राहणाऱ्या जनावरास जो रंग उपयोगी, तो शेळीच्या पूर्वजांनीं इराणांत मिळविला आणि चिंकाऱ्यानें आपल्याकडे. दोन गृहस्थांनीं एकाच प्रकारचें धोतर नेसलें, म्हणून ते एका कुळांतले ठरत नाहींत.

चार शिंगांचा बोकड हें दुसरें एक कोडें. असा बोकड क्वचित् जन्मास येतो, आणि आला कीं चौशिंग्याशीं त्याचें नातें जोडलें जातें. खऱ्या चौशिंग्याचीं शिंगें पाहिलीं म्हणजे हा भ्रम राहत नाहीं. चौशिंग्यांत शिंगें फक्त नराला असतात. मागची जोडी मोठी, आणि पुढची आंखूड जोडी डोळ्यांच्या वरच्या बाजूस कपाळावर. चार शिंगांच्या बोकडांत मात्र गर्भावस्थेंतील शिंगाचा कोंभच दुभंगलेला असतो. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत याचें कारणहि सांपडलें: शेळी आणि मेंढी या दोहोंतहि हा प्रकार एकाच जनुकाच्या बिघाडामुळें होतो, आणि हा बिघाड ज्याच्या त्याच्या जातींतच उद्भवलेला आहे. बाहेरचें रक्त त्यास मुळींच लागत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपल्या भाषेंत ‘हरीण’ हा शब्द फार सैल आहे. चितळहि हरीण, भेकरहि हरीण, काळवीटहि हरीण आणि चिंकाराहि हरीण. पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें हीं दोन निरनिराळीं घराणीं आहेत. चितळ, सांबर, भेकर हें सारंगांचें घराणें. त्यांचीं शिंगें भरींव हाडाचीं, बहुधा फांटे फुटलेलीं असतात. तीं गळून पडतात आणि पुन्हां उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, रोही हे कुरंग. त्यांच्या शिंगांत आंत हाडाचा खुंट आणि वर केराटिनाचें, म्हणजे नखासारख्या द्रव्याचें, टोपण असतें. त्यांस फांटे फुटत नाहींत आणि तीं आयुष्यभर टिकतात. शेळीच्या शिंगाची रचना नेमकी अशीच आहे. अर्थात् शेळी, मेंढी, गाय, म्हैस आणि सर्व कुरंग हें एक घराणें, आणि सारंग हें दुसरें.

या वांटणींतून कांहीं गमतीचीं नातीं निघतात. रोही आणि चौशिंगा हे गायीच्या शाखेंतले; काळवीट आणि चिंकारा हे शेळीच्या शाखेजवळचे. मुंजीच्या वेळीं बटूच्या जानव्यास जें मृगाजिन बांधीत आले, तें काळविटाचें. म्हणजे शास्त्रीय वर्गीकरण मानावयाचें तर आपलें ‘मृग’ चितळापेक्षां शेळीस अधिक जवळचें आहे! ज्योतिषाची आवड असणाऱ्यांस आणखी एक गोष्ट आठवेल. मकर राशीचें जें चिन्ह पाश्चात्त्य लोक शेळीच्या तोंडाचें काढतात, त्याचें वर्णन वराहमिहिरानें हरणाच्या तोंडाचें म्हणून केलें आहे. शेळी आणि हरीण यांची अदलाबदल करण्याची मनुष्याची खोड जुनी दिसते.

असो. सारंग आणि गो-अजांचें घराणें यांचे मार्ग सुमारें दोन ते अडीच कोटी वर्षांपूर्वीं वेगळे झाले. हा आंकडा किती मोठा आहे, हें कळण्यास घोडा आणि गाढव यांच्याकडे पाहावें. तीं दोन जनावरें चाळीस लक्ष वर्षांच्या सुमारास वेगळीं झालीं. त्यांचें खेचर होतें, तें कामसू आणि काटकहि असतें. परंतु त्याचा वंश चालत नाहीं. कारण घोड्याच्या पेशींत ६४ गुणसूत्रें, गाढवाच्या ६२, आणि खेचराच्या वांट्यास ६३ येतात. बीज तयार होतांना या गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. खेचराच्या शरीरांत त्या नीट लागत नाहींत, आणि बीजच तयार होत नाहीं.

त्याहून उद्बोधक उदाहरण मेंढी आणि शेळी यांचें आहे. हीं तर एकाच शाखेचीं भावंडें; एका खिल्लारांत चरतात, एका वाड्यांत बांधलीं जातात. मेंढा शेळीवर गेल्याचें प्रत्येक मेंढपाळानें पाहिलेलें असतें, आणि शेळीस गर्भहि राहतो. पण तो सामान्यतः दोन महिन्यांच्या आंतबाहेर मरतो, कारण शेळीचें शरीर त्या परक्या गर्भाची वार स्वीकारीत नाहीं. मेंढीचीं गुणसूत्रें ५४ आणि शेळीचीं ६०. क्वचित् एखादें पिलूं जगतें. आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत मेंढा आणि शेळी यांच्यापासून झालेला असा एक नर जगला आणि वाढला. २००० सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याच्या पेशींत बरोबर मधलीं ५७ गुणसूत्रें निघालीं. तो धष्टपुष्ट होता, माद्यांच्या मागेंहि लागे. परंतु त्याच्यापासून एकाहि मादीस गर्भ राहिला नाहीं. १९८४ सालीं केंब्रिज येथें शास्त्रज्ञांनीं शेळी-मेंढीचें म्हणून जें जनावर जन्मास घातलें, तें मात्र संकर नव्हे. त्यांत दोन वेगळे भ्रूण एकत्र जोडलेले होते. म्हणून त्याच्या अंगावर कोठें शेळीचे केस आणि कोठें मेंढीची लोंकर आली. दक्ष प्रजापतीच्या धडावर बोकडाचें शिर बसविल्याची जी कथा आपण ऐकतों, तिच्या जवळ जाणारा तो प्रकार.

सख्ख्या भावंडांची ही कथा, तर दोन कोटी वर्षांपूर्वींच्या भाऊबंदांची काय वार्ता! चितळाचीं गुणसूत्रें ६६. शेळीची गर्भधारणा पांच महिन्यांची, तर चितळाची सात-साडेसात महिन्यांची. शेळीच्या वारेस गर्भाशयाशीं जोडणाऱ्या गांठी शंभराच्या आसपास असतात. सारंगांत त्या मोजक्या चार-सहा, फार तर आठ. शेळीला पित्ताशय असतें, चितळ-सांबरांस तें नसतेंच. म्हणजे गर्भ कसा राहावा, कसा पोसावा आणि किती दिवसांनीं बाहेर यावा, याविषयीं दोन्ही शरीरांचे हिशेब मुळांतच वेगळे आहेत. बीजांडांत परक्या जातीचें बीज शिरणें हेंच प्रथम दुर्घट. पुढच्या गोष्टी पुढेंच राहिल्या. शेळी आणि सारंग यांच्यापासून झालेलें, परीक्षा होऊन सिद्ध ठरलेलें असें एकहि पिलूं आजवर जगांत कोठें नोंदलेलें नाहीं. चिंकारा किंवा काळवीट शेळीस अधिक जवळचे असले, तरी त्यांच्या बाबतींतहि तीच गोष्ट.

या ठिकाणीं आमच्या ज्ञानगंगेच्या रानांतील भेकराची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण संकराच्या शास्त्रांत या लहानशा जनावरानें थोरथोर पंडितांस चकविलें आहे. भेकर म्हणजे कुत्र्यासारखें भुंकणारें, आंखूड शिंगांचें, झाडोऱ्यांत एकट्यानें वावरणारें हरीण. खरें सारंग. डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथांत संकराविषयीं एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. ज्यांचा वंश निर्वेध चालतो असे संकरज प्राणी निश्चित पुराव्यानें आपणांस ठाऊक नाहींत, असें तो तेथें प्रांजळपणें सांगतो. मात्र तसें मानण्यास आधार आहे म्हणून तो जीं उदाहरणें देतो, त्यांत हिंदी भेकर आणि चिनी भेकर यांच्या संकराचें उदाहरण आहे. त्यावेळीं गुणसूत्र ही वस्तूच कोणास माहीत नव्हती. दोन भेकरें दिसावयास इतकीं सारखीं कीं, डार्विनची चूक काढण्याचें धाडस कोणी केलें नसतें.

पुढें १९७० सालीं डॉरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्श्के या संशोधकांनीं हिंदी भेकराच्या पेशी तपासल्या, आणि त्यांस दिसलेलें दृश्य चमत्कारिक होतें. भेकराच्या मादींत गुणसूत्रें अवघीं ६, आणि नरांत ७! सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या दुसऱ्या कोणाची नाहीं. चिनी भेकराचीं मात्र ४६. म्हणजे हिंदी भेकराच्या वंशांत केव्हां तरी लहान लहान गुणसूत्रें एकास एक टोकाशीं जोडलीं जाऊन त्यांचीं लांबलचक गुणसूत्रें बनलीं. अनेक ओव्या एकाच कागदावर सलग लिहून काढाव्या, तसें. मजकूर बव्हंशीं तोच, बांधणी निराळी. म्हणूनच दोन्ही भेकरें दिसण्यांत सारखीं राहिलीं. चीनमधील शास्त्रज्ञांनीं या दोहोंचा संकर प्रत्यक्ष घडवून १९८० सालीं त्याचा वृत्तांत दिला. पिलूं जन्मलें, नर निघालें, त्याच्या पेशींत २७ गुणसूत्रें होतीं, आणि त्याच्या शरीरांत बीज पुरें तयार होत नव्हतें. डार्विनचा अंदाज एकशें वीस वर्षांनीं असा चुकीचा ठरला. भेकराचा भेकराशींच संबंध इतका अवघड, तर बोथ्याच्या रानांतील भेकर आणि गांवांतील शेळी यांची गोष्ट बोलावयासच नको.

मग संकर होतो तरी कोणाचा? जातीच्या अगदी निकटच्या मंडळींचा. पाळीव शेळी आणि आल्प्स पर्वतांतील आयबेक्स ही रानशेळी यांचीं पिलें होतात आणि त्यांचा वंशहि चालतो. सारंगांतहि स्कॉटलंडमध्यें जपानांतून नेलेलें सिका हरीण आणि तेथील तांबडें हरीण यांचा इतका संकर झाला आहे कीं, कित्येक ठिकाणीं शुद्ध तांबडें हरीण कोणतें, हें ठरविणें कठीण होऊन बसलें. असा संकर साधला म्हणजे हिताचाच असतो, असेंहि नाहीं. मध्य युरोपांतील टाट्रा पर्वतांत आयबेक्सच्या कळपांत तुर्कस्थानांतील बेझोअर आणि सिनाईतील उष्ण मुलखाचे आयबेक्स आणून मिसळले. परिणाम असा झाला कीं, त्या मिश्र माद्यांचा माजाचा काळ अलीकडे सरकला, पिलें ऐन कडाक्याच्या हिंवाळ्यांत जन्मूं लागलीं, आणि सगळा कळपच नष्ट झाला.

आपल्या गुराख्याची कथा साफ खोटी असते काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यानें पाहिलेलें पुष्कळदां खरें असतें, अर्थ तेवढा चुकतो. रानांत सांपडलेलें पाडस घरीं आणून शेळीच्या दुधावर वाढविल्याचीं उदाहरणें खेड्यांत ऐकूं येतात. शेळ्यांत वाढलेलें पाडस आपल्या जातीस विसरतें. वयांत आल्यावर तें शेळ्यांच्याच मागें लागतें, त्यांच्याशीं लगट करतें. हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, तो पुढच्या वेतांतील तपकिरी करडूं हरणाचें आहे असें म्हणाला, तर त्यास खोटारडा म्हणतां येणार नाहीं. त्या दिवसांत तोच कळप गांवच्या बोकडाबरोबरहि चरत होता, हें मात्र तो विसरतो. शेळीची माजाची घटका कोणाच्या लक्षांत राहणार!

एखाद्यास तरीहि खात्री करून घ्यावयाची असेल, तर हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान संस्था रक्तावरून अथवा केसावरूनहि जनावराची जात सांगूं शकते. त्यांत एक मेख ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पेशींतील डीएनएचा जो भाग जात ओळखण्यास बहुधा वापरतात, तो केवळ आईकडून येतो. शेळीच्या पोटीं जन्मलेलें पिलूं त्या परीक्षेंत शेळीच ठरणार, बाप कोणीहि असो. बापाचा शोध घ्यावयाचा तर पेशीकेंद्रांतील डीएनए तपासावें लागतें.

हें सर्व केवळ करमणुकीचें असतें, तर एवढी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. ‘हरणाच्या रक्ताची’ म्हणून कोणी शेळी चढ्या भावानें विकूं लागला, तर त्यांत घेणाऱ्याचे पैसे बुडतात. तें एक असो. खरी भीति निराळीच आहे. शेळी आणि रानांतील हरीण यांच्यामध्यें बीज जात नसलें, तरी रोग जातो. पीपीआर म्हणून शेळ्या-मेंढ्यांचा जो प्लेग आहे, तो भारतांत १९८७ सालीं प्रथम ओळखला गेला. ताप, नाकातोंडांतून स्राव, तोंडांत व्रण, हगवण, आणि आठवड्याभरांत कळपाचा कळप आडवा. मंगोलियांत २०१६-१७ च्या हिंवाळ्यांत हा रोग पाळीव कळपांतून सायगा नांवाच्या कुरंगांत शिरला, आणि तेथील निम्म्याहून अधिक सायगा मेले. आमचा चिंकारा त्याच शाखेंतला. ज्या पाणवठ्यावर दुपारीं शेळ्या पितात, त्याच पाणवठ्यावर रात्रीं चिंकारा येतो. लाळ्या-खुरकूत रोगाचेंहि तसेंच. पीपीआरची लस मिळते आणि एकदां टोंचली कीं निदान तीन वर्षें काम देते. करडूं तीन महिन्यांचें झालें कीं ती टोंचून घेतां येते. ज्यांचीं शेतें वाट्यानें दिलेलीं आहेत आणि वाटेकऱ्याच्या शेळ्या रानाकडे जातात, त्यांनीं पुढच्या खेपेस गांवीं गेल्यावर एवढी चौकशी अवश्य करावी.

दुसरी गोष्ट घरांतील मुलांविषयीं. सुटींत गांवीं गेलेल्या मुलांस गवतांत एकटें पडलेलें पाडस दिसतें, आणि आई टाकून गेली असें समजून तीं तें उचलून घरीं आणतात. आई त्यास टाकून गेलेली नसते. चिंकारा, काळवीट, चितळ या सर्वांच्या माद्या पहिले कांहीं दिवस पिलास गवतांत लपवून दूर चरावयास जातात आणि दुधाच्या वेळेस परत येतात. या बाबतींत शेळीहि त्यांच्याच रीतीची आहे: रानांत व्यालेली शेळी करडास झुडपाआड ठेवते. मेंढीचें कोकरूं मात्र जन्मल्या दिवसापासून आईच्या मागें पळतें. उचलून आणलेलें पाडस घरच्या दुधानें बहुधा हगवण लागून मरतें; जगलें तर रानांत परत जाण्याच्या कामाचें राहत नाहीं. शिवाय चिंकारा, काळवीट आणि चौशिंगा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत, आणि तें पाडस घरांत ठेवणें हा गुन्हा होतो. मग हेतु कितीहि दयेचा असो. पाडस जखमी नसेल तर तेथेंच ठेवून दूर व्हावें, कुत्रीं जवळ येऊं देऊं नयेत, आणि संध्याकाळपर्यंत लांबून नजर ठेवावी. जखमी असेल, किंवा दुसऱ्या दिवशींहि आई फिरकली नाहीं, तर वनखात्यास कळवावें. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे.